गोळी लागू पडते आहे तोवरच

पार्किन्सन्सवर मेंदूत तारा बसवून करायचं एक ऑपरेशन असतं, हे बहुतेक घरांना कुठून ना कुठून कळलेलं असतं. कोणीतरी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलेला असतो: थरथरणारा हात, यंत्राचं बटण दाबणं, आणि क्षणात शांत झालेला हात. त्यावर घरात जे बोललं जातं ते साधारण दोन तऱ्हांचं असतं. ज्यांचं गोळ्यांवर बरं चाललंय ते म्हणतात, "अगदीच काही चालेनासं झालं की बघू." आणि ज्यांच्या घरचा रुग्ण पंधरा वर्षांच्या आजारानंतर अंथरुणाला खिळलाय, ज्याला भास होतात, पाणी पितानाही ठसका लागतो, ते म्हणतात, "सगळं करून झालं, आता तेवढं ऑपरेशन राहिलंय." दोन्ही बोलण्यांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस, हा शेवटचा उपाय आहे. या समजुतीमुळे ज्यांचा फायदा झाला असता ते वेळ दवडतात आणि ज्यांचा होणार नाही ते पैसा ओततात. डीबीएसचा सगळ्यात जास्त उपयोग होतो तो गोळी अजून चांगली लागू पडणाऱ्या, पण तिचा असर टिकेनासा झालेल्या माणसाला. ही अवस्था आजारात काही वर्षं असते, कायम नसते. म्हणून विचारणा तेव्हाच करायला हवी.

असं का, हे कळायला गोळीचं काय होतं ते आधी पाहू. मेंदूच्या बुडाशी सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग आहे. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात. पार्किन्सन्समध्ये त्या पेशी हळूहळू मरतात आणि हालचाल मंदावते, अंग ताठरतं, बऱ्याच जणांना कंप सुटतो. लेवोडोपा मेंदूत जाऊन डोपामिनमध्ये बदलतं. आपल्याकडे बहुतेकांना ते सिंडोपा या नावाने ठाऊक आहे. पहिली काही वर्षं दिवसातून तीन गोळ्यांवर माणूस जवळजवळ पूर्वीसारखा वावरतो, कारण उरलेल्या पेशी ते डोपामिन साठवून लागेल तसं सोडत असतात. गच्चीवर टाकी असली की नळाला दिवसातून दोनच तास पाणी आलं तरी घराला कळत नाही. टाकीच गेली तर नळ चालू असेल तेवढाच वेळ पाणी. पेशी कमी होतात तशी मेंदूची टाकी जाते आणि माणूस एकेका गोळीच्या तासांवर जगू लागतो. गोळी लागली की 'ऑन', उतरली की 'ऑफ'. चारच्या तीन, तीनच्या दोन तासांवर गोळी येते. डोस वाढवावा तर ऑनच्या वेळात अंग नको तसं वळवळायला लागतं, त्याला डिस्कायनेशिया म्हणतात. जेवणात डाळ-पनीर जास्त झालं किंवा पोट साफ नसलं तरी गोळी उशिरा चढते. या टप्प्यावर डॉक्टर गोळ्यांच्या वेळा, प्रमाण आणि जोडीची औषधं बदलून बघतात, आणि ते बघायलाच हवं. पण पोटातून जाणारं औषध चढ-उतार घेऊनच येतं, ही त्याची मर्यादा उरतेच.

डीबीएस कामी येतं ते याच मर्यादेवर, आणि त्याच्या जन्माची कथा माहीत असली की हे यंत्र नेमकं काय करतं हे समजतं. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक पुतळ्यासारखे ताठरून रुग्णालयात आले. चोरून बनवलेल्या हेरॉइनसारख्या मादक पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन मिसळलं गेलं होतं, आणि त्याने त्यांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी नष्ट केल्या होत्या. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी हा माग काढला. त्यामुळे माकडांमध्ये पार्किन्सन्ससारखी स्थिती निर्माण करून मेंदूत काय बिघडतं हे पाहता येऊ लागलं. डॉ. मेहलॉन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की डोपामिन घटल्यावर सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा पेशींचा पुंजका अति आणि बेताल काम करू लागतो, आणि तो निकामी केला तर माकडांची हालचाल परत येते. तिकडे फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे डॉ. अलीम-लुई बेनाबिद यांच्या हाती दुसरं टोक लागलं होतं. कंप थांबवण्यासाठी तेव्हा मेंदूतला लहानसा भाग जाळत असत, आणि जाळण्यापूर्वी जागा बरोबर आहे ना हे विजेचे स्पंद देऊन तपासत. सेकंदाला शंभराच्या वर स्पंद दिले की काहीही न जाळताच कंप थांबतो, हे त्यांच्या लक्षात आलं. १९८७ मध्ये त्यांनी हा उपचार सुरू केला, आणि १९९३ पासून सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर. डिलाँग आणि बेनाबिद यांना २०१४ चा लास्कर पुरस्कार मिळाला तो याच कामासाठी. आज बसवतात त्या यंत्रात सव्वा मिलिमीटर जाडीची एकेक इलेक्ट्रोड मेंदूच्या दोन्ही बाजूंना असते, कातडीखालून मानेतून जाणारी तार असते, आणि गळ्याच्या हाडाखाली छातीत बॅटरी असते. सेकंदाला साधारण १३० स्पंद, रात्रंदिवस. पेशी मरायच्या थांबत नाहीत. डोपामिनच्या अभावाने बेताल झालेलं मंडल मात्र ताळ्यावर राहतं.

यावरून डीबीएसचा सगळ्यात उपयोगी नियम निघतो, आणि एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर हीच ठेवावी. लेवोडोपा तुमच्यात जे सुधारतं तेच डीबीएस सुधारतं. फरक एवढाच, की ते तासा-दोन तासांपुरतं न राहता दिवसभर आणि रात्रीही टिकतं. म्हणजे तुमचा दिवसातला सर्वांत चांगला तास कसा आहे, यावरून ऑपरेशननंतरचा दिवस कसा असेल याचा बराच अंदाज येतो. त्या तासात तुम्ही ताठ चालत असाल, वळताना अडखळत नसाल, स्वतःचे कपडे घालत असाल, तर तो तास लांबवता येण्यासारखा आहे. त्या तासातही पाय जमिनीला चिकटत असतील, तोल जाऊन पडायला होत असेल, बोललेलं कोणाला कळत नसेल, तर विजेचे स्पंद ते परत आणणार नाहीत. या नियमाला एक अपवाद आहे, तो कंपाचा. गोळीला दाद न देणारा कंपही डीबीएसने बऱ्याचदा आटोक्यात येतो.

हा अंदाज डोळ्यांनी मोजला जातो. त्याला लेवोडोपा चाचणी म्हणतात, आणि निर्णय घेण्याआधी ती झालीच पाहिजे. आदल्या रात्रीपासून, निदान बारा तास, पार्किन्सन्सची औषधं बंद ठेवतात. सकाळी रुग्ण पूर्ण ऑफमध्ये असतो. मग ठरलेल्या क्रमाने तपासणी होते: अंगठा आणि तर्जनी पटापट एकमेकांवर आपटायची, मूठ उघड-मीट करायची, टाच जमिनीवर आपटायची, हात बांधून खुर्चीतून उठायचं, दहा पावलं जाऊन वळून यायचं. डॉक्टर मागे उभे राहून खांद्याला अचानक झटका देतात आणि तोल सावरतो का ते बघतात. प्रत्येक कृतीला शून्य ते चार गुण. जितके जास्त गुण तितकी अडचण. मग नेहमीच्या सकाळच्या डोसपेक्षा थोडा जास्त लेवोडोपा देऊन, तो पूर्ण लागल्यावर, सगळी तपासणी पुन्हा. समजा ऑफमध्ये ४४ गुण होते आणि औषध लागल्यावर १८ झाले, तर सुधारणा निम्म्याहून जास्त आहे. सर्वसाधारणपणे निदान तीस टक्के सुधारणा दिसल्याशिवाय ऑपरेशन सुचवत नाहीत. ही सकाळ रुग्णासाठी त्रासाची असते, घरच्यांना ते ताठरणं बघवत नाही. पण कुठल्याही एमआरआयपेक्षा या दोन तासांत निर्णयाला लागणारं जास्त कळतं. या चाचणीशिवाय कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर दुसऱ्या ठिकाणी मत घ्या.

आता पुरावा. २००६ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातला १५६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना डीबीएस, निम्म्यांना उत्तम औषधोपचार. सहा महिन्यांनी डीबीएसच्या गटात जीवनमानाच्या मापात सुमारे चतुर्थांश सुधारणा होती, औषधांच्या गटात जवळजवळ काही नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या २५५ रुग्णांच्या अभ्यासात डीबीएस झालेल्यांना त्रासदायक वळवळीशिवायचा ऑनचा वेळ दिवसाला सरासरी ४.६ तास जास्त मिळाला. दुसऱ्या गटात शून्य तास. दिवसाचे साडेचार तास परत मिळणं म्हणजे काय, हे ऑफमध्ये खुर्चीत अडकून बसणाऱ्याला सांगावं लागत नाही. पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २०१३ चा, 'अर्लीस्टिम' नावाचा, जर्मनी आणि फ्रान्समधल्या २५१ रुग्णांचा. त्याआधी डीबीएस व्हायचं ते आजाराला बारा-चौदा वर्षं होऊन गेलेल्यांवर. इथले रुग्ण सरासरी बावन्न वर्षांचे होते, आजाराला सरासरी साडेसात वर्षं झाली होती, आणि चढ-उतार सुरू होऊन तीन वर्षांहून कमी काळ झाला होता. दोन वर्षांनी डीबीएस गटाचं जीवनमान २६ टक्क्यांनी सुधारलं, औषधांच्या गटाचं जागीच राहिलं. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता रुंदावली ती याच दिशेने: आजाराला निदान चार वर्षं, आणि चढ-उतार अलीकडे, निदान चार महिन्यांपूर्वी, सुरू झालेले असले तरी डीबीएस करता येईल.

या पुराव्यावर घेतला जाणारा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकू नये. या अभ्यासांत कोणाला यंत्र बसवलंय हे रुग्णांना माहीत होतं. मेंदूचं ऑपरेशन करून घेतलेला माणूस बरं वाटण्याच्या अपेक्षेनेच बरं सांगेल, आणि ज्याच्या वाट्याला यंत्र आलं नाही तो हिरमुसेल. जीवनमानाचा आकडा यामुळे थोडा फुगला असेल, हे मला मान्य आहे. पण अर्लीस्टिममध्ये हालचालीचे व्हिडिओ कोणत्या गटातले हे न सांगता तज्ज्ञांना दाखवले होते, आणि तिथेही फरक होता. शिवाय यंत्र बंद केलं तर कंप काही मिनिटांत आणि ताठरपणा काही तासांत परतून येतो. नुसत्या अपेक्षेचा परिणाम असा बटणाबरहुकूम ये-जा करत नाही. दुसरा आक्षेप असा, की लवकर चांगलं तर निदान झाल्याबरोबरच का नको? त्याचं उत्तर निदानातच आहे. पहिल्या काही वर्षांत मल्टिपल सिस्टिम ॲट्रोफीसारखे आजार हुबेहूब पार्किन्सन्ससारखे दिसू शकतात, आणि त्यांत डीबीएसने नुकसान होण्याचीच शक्यता जास्त. चार-पाच वर्षं गोळीला मिळत राहिलेला चांगला प्रतिसाद हाच खरा पार्किन्सन्स असल्याचा दाखला ठरतो. आणि तोवर गोळी पुरत असेल तर डोक्याला हात लावायचं कारणही नसतं.

"आजार बरा होणार नसेल तर एवढा उपद्व्याप कशाला?" हा प्रश्न तर घरोघरी विचारला जातो. आजार बरा होत नाही, हे खरंच आहे. ग्रेनोबलच्याच डॉक्टरांनी ४९ रुग्णांचा पाच वर्षं पाठपुरावा करून २००३ मध्ये प्रांजळपणे सांगितलं: पाच वर्षांनंतरही, औषध न घेतलेल्या अवस्थेत, हालचालीचे गुण ऑपरेशनपूर्वीपेक्षा ५४ टक्क्यांनी चांगले होते, पण बोलणं, तोल, चालताना अडकणं या गोष्टी औषध घेतलेल्या अवस्थेतही दरम्यानच्या काळात खालावल्या होत्या. म्हणजे कंप, ताठरपणा, वळवळ यांवर यंत्र पुरून उरतं, आणि आजाराचा जो भाग डोपामिनवर अवलंबून नाही तो आपल्या गतीने पुढे सरकतो. पण लेवोडोपानेही आजार बरा होत नाही, तरी ती गोळी आपण नाकारत नाही. पंचावन्नाव्या वर्षी नोकरीत असलेल्या, मुलांची शिक्षणं पुरी व्हायची असलेल्या माणसाला पुढची आठ-दहा वर्षं कशी मिळतात, याला मोल आहे. ती वर्षं ऑफमध्ये घालवून सत्तराव्या वर्षी ऑपरेशन केलं, तर मधली वर्षं परत येत नाहीत.

मग भीती, आणि ती रास्त आहे. कवटीला दोन्ही बाजूंना छोटी छिद्रं पाडतात. डोक्याला स्थानिक भूल देऊन एक धातूची चौकट बसवतात, सीटी स्कॅन आणि आधी काढलेला एमआरआय संगणकावर एकमेकांवर जुळवून मिलिमीटरच्या अंशापर्यंत मार्ग आखतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्यामुळे बऱ्याच केंद्रांत रुग्ण या वेळी जागा असतो. सर्जन सूक्ष्म इलेक्ट्रोड पुढे सरकवत पेशींचा आवाज ऐकतात, न्यूरोलॉजिस्ट समोर बसून मूठ उघडायला, महिन्यांची नावं म्हणायला सांगतात. हात सैल पडला की जागा बरोबर. जीभ जड झाली किंवा तोंड ओढलं गेलं तर इलेक्ट्रोड बाजूच्या तंतूंच्या फार जवळ आहे. काही ठिकाणी आता पूर्ण भूल देऊन, निव्वळ प्रतिमांच्या आधारे हेच करतात. बॅटरी बसवताना मात्र भूल पूर्णच असते. धोके असे: मेंदूत रक्तस्राव शंभरात एक-दोन जणांना होतो, त्यातल्या काहींना कायमचं अपंगत्व येतं, क्वचित मृत्यू, २००६ च्या अभ्यासातही एक मृत्यू रक्तस्रावाने झाला होता. जखमेत किंवा बॅटरीच्या जागी जंतुसंसर्ग शंभरात साधारण पाचेक जणांना, आणि तेव्हा कधी कधी यंत्र काढावं लागतं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणूनच टेबलावर जावं. हृदयात स्टेंट असेल आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या किती दिवस थांबवता येतील हे हृदयरोगतज्ज्ञाला आधी विचारावं. यंत्र चालू झाल्यावर बोलणं अस्पष्ट होणं, वजन वाढणं, उदासी किंवा उलट अति उत्साह, बेफिकीर खर्च, अशाही गोष्टी घडतात. त्यातल्या बऱ्याच यंत्राची जुळणी, म्हणजे प्रोग्रामिंग, बदलून सुधारता येतात, सगळ्या नाही. मनाच्या बदलांकडे घरच्यांनी पहिले काही महिने डोळ्यांत तेल घालून पाहावं. अर्लीस्टिममध्ये दोन्ही गटांत आत्महत्या घडल्या होत्या. पूर्वी नैराश्य होऊन गेलं असेल तर ते लपवू नका.

हे धोके कोणासाठी पत्करण्याजोगे नाहीत, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. स्मृतिभ्रंश सुरू झालेला असेल, औषध कमी करूनही भास होत असतील, सर्वांत चांगल्या तासातही रुग्ण पडत असेल, एमआरआयमध्ये मेंदू फार आक्रसलेला असेल, तर ऑपरेशनने गोंधळ वाढण्याचीच भीती असते. वयाची कडक रेघ नाही, पण सत्तरी-पंचाहत्तरीनंतर बहुतेक केंद्रं हात आखडता घेतात. वडिलांसाठी काहीही करायला तयार असलेल्या मुलांना "आता नको" हे ऐकणं फार जड जातं. तेव्हा पैसे आणि शक्ती फिजिओथेरपी, गिळण्याचे व्यायाम, रात्रीच्या काळजीवाहकाची सोय यांकडे वळवणं हे उपचार सोडणं मुळीच नव्हे. आणि अशा वेळी स्टेम सेलच्या जाहिरातींना भुलू नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पार्किन्सन्ससाठी ते मान्य उपचार नाहीत. रीतसर चाचणीबाहेर ते पैसे घेऊन देणं नियमांत बसत नाही.

तुम्ही चढ-उतारांच्या टप्प्यावर असाल तर तयारी घरीच सुरू होते. तज्ज्ञ एक सोपा आडाखा वापरतात: लेवोडोपाच्या दिवसाला पाच किंवा जास्त मात्रा, दोन तास किंवा जास्त ऑफ, एक तास किंवा जास्त त्रासदायक वळवळ. यातलं काही एक जरी लागू होत असलं तरी गोळ्यांपलीकडच्या उपचारांचा विचार करायची वेळ आलेली आहे. वहीत तीन-चार दिवस दर अर्ध्या तासाची नोंद ठेवा: ऑन, ऑफ, वळवळ, झोप, आणि गोळीची व जेवणाची वेळ. दहा मिनिटांच्या भेटीत डॉक्टरांना दिसतो तो एक क्षण. वहीत दिसतो तो दिवस. त्याच वहीत दुसऱ्या पानावर रुग्णाने स्वतः, मुलांनी नव्हे, तीन गोष्टी लिहाव्यात: ऑपरेशननंतर काय परत हवंय. "रात्री कुशीवर वळता यावं" हे बहुधा मिळण्यासारखं आहे, कारण रात्री गोळीचा असर नसतो आणि यंत्र चालूच असतं. "बँकेत सही जुळावी", "जेवताना भाजी सांडू नये" हेही ऑनमध्ये जमत असेल तर शक्य आहे. "पूर्वीसारखं खणखणीत बोलता यावं" हे मात्र बहुतेक वेळा मिळत नाही, उलट बोलणं थोडं बिघडूही शकतं. "सगळ्या गोळ्या बंद व्हाव्यात" हेही तसंच: सबथॅलॅमिक न्यूक्लियसवर केलेल्या डीबीएसनंतर गोळ्या अंदाजे एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी होतात, सहसा बंद होत नाहीत. ऑपरेशन उत्तम होऊनही नाराज राहिलेल्या रुग्णांची नाराजी बरेचदा या न बोललेल्या अपेक्षांची असते.

केंद्र निवडताना लोक सर्जनचं नाव विचारतात आणि प्रोग्रामिंग कोण करणार हे विचारायचं राहून जातं. तारा जागेवर बसल्या तरी यंत्र सहसा दोन-चार आठवड्यांनी सुरू करतात, आणि मग किती मिलिअँपिअर, इलेक्ट्रोडचं कोणतं टोक, गोळी किती कमी करायची, हे जुळवायला तीन ते सहा महिने आणि अनेक फेऱ्या लागतात. नांदेडच्या किंवा सावंतवाडीच्या माणसाने मुंबई-पुण्याला ऑपरेशन करून घ्यायचं तर या फेऱ्यांचा, मुक्कामाचा, सोबतीच्या माणसाच्या रजेचा हिशेब आधी मांडायला हवा. दरवर्षी इथे किती ऑपरेशनं होतात, मूव्हमेंट डिसऑर्डरचं खास प्रशिक्षण घेतलेले न्यूरोलॉजिस्ट आहेत का, मानसशास्त्रीय तपासणी कोण करतं, प्रोग्रामिंग डॉक्टर करतात की कंपनीचा माणूस, दूरवरून प्रोग्रामिंगची सोय आहे का, असे प्रश्न विचारायला संकोच नको.

खर्च मोठा आहे, सगळा मिळून दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर. रिचार्ज न होणारी बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते आणि तिचा खर्च पुन्हा लाखांत. रिचार्ज होणारी सुरुवातीला महाग पण कितीतरी जास्त वर्षं चालते. मात्र आठवड्यातून काही तास ती न चुकता चार्ज करणारं माणूस घरात हवं. विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी काढली तीत डीप ब्रेन स्टिम्युलेशन आहे. हा उपचार पॉलिसीतून वगळता येत नाही, पण त्यावर रकमेची मर्यादा घालता येते, आणि अनेक पॉलिसींत ती असते. पैसा अजिबातच शक्य नसेल किंवा यंत्र नकोच असेल, तर एका बाजूला ठरावीक जागी छोटा भाग निकामी करण्याची जुनी शस्त्रक्रिया आणि ॲपोमॉर्फिनचं इंजेक्शन किंवा पंप हे पर्याय आहेत, त्यांचीही चौकशी करावी.

यंत्र बसल्यावर ज्या चुका टाळायच्या त्यांत एक जीवघेणी आहे. गल्लोगल्लीच्या फिजिओथेरपी केंद्रांत कंबर-गुडघ्याला शेक देण्यासाठी शॉर्टवेव्ह डायथर्मी वापरतात. डीबीएस असलेल्या माणसाला ती शरीराच्या कुठल्याही भागावर द्यायची नाही. तिची ऊर्जा तारांतून इलेक्ट्रोडच्या टोकाशी जाऊन मेंदू भाजू शकते आणि त्याने मृत्यू झालेले आहेत. यंत्र बंद ठेवूनही हा धोका टळत नाही. एमआरआय काढायची वेळ आली तर तुमच्या यंत्राला कोणत्या अटींवर चालतो हे केंद्राला विचारूनच. इतर कुठलंही ऑपरेशन असेल तर सर्जनला आधी सांगा, कारण रक्तस्राव थांबवायला वापरतात त्या विजेच्या उपकरणाचा, म्हणजे कॉटरीचा, प्रकार बदलावा लागतो. पोहणाऱ्यांनी विशेष जपावं: चांगलं पोहता येणाऱ्या काही रुग्णांना डीबीएसनंतर पाण्यात हातपायांचा मेळच जमेना, असं स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे, म्हणून विहिरीत किंवा समुद्रात एकट्याने उतरायचं नाही. यंत्राचं ओळखपत्र पाकिटात हवं. बॅटरी किती उरली हे हातातल्या रिमोटवर नियमित बघा. ती अचानक संपली तर सगळी लक्षणं एकदम उसळून येतात आणि जुन्या मात्रेच्या गोळ्या तेव्हा पुरतीलच असं नाही. बॅटरी बदलणं पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

ही माहिती एकट्याने पचवणं अवघड जातं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. ऑपरेशन झालेल्या आणि विचार करून ते नको म्हटलेल्या, अशा दोन्ही माणसांशी बोलायला मिळालं तर अवश्य बोला. गोळीचा असर चार तासांच्या आत उतरू लागला असेल आणि तुमचा सर्वांत चांगला तास अजून खरोखर चांगला असेल, तर पुढच्या भेटीला वही घेऊन जा आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "माझी लेवोडोपा चाचणी करून मी डीबीएससाठी योग्य आहे का, हे बघाल का?" उत्तर "अजून नको" आलं तरी चालेल, मग सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.